खाडा कोणाचा?

शाळेच्या स्नेहसंमेलनात एक बक्षीस ठरलेलं असतं. वर्षभरात एकही खाडा न केलेल्या विद्यार्थ्याला पाहुण्यांच्या हस्ते पेन, कंपासपेटी नाहीतर स्टीलचा डबा. टाळ्या वाजतात. ह्या टाळ्यांचा अर्थ आपण कधी तपासून पाहत नाही. आजारी न पडणं हा गुण ठरला, की आजारी पडणं आपोआप अवगुण ठरतं. जिचं पोट दर महिन्याला दोन-तीन दिवस पिळवटून निघतं, जिच्या अंगात रक्त कमी आहे, जिला सिकलसेल आहे, जिला फिट येते, ती मुलगी ह्या बक्षिसाच्या रांगेत कधीच नसते. तिच्या वाट्याला येतो तो प्रगतिपुस्तकातला 'अनियमित' हा शेरा.

'खाडा' हा शब्द मराठवाड्यातल्या बायकांना आणखी एका जागी भेटतो. ऊसतोडीच्या फडात नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. बाईला पाळीत उठता येईना, ताप आला, तर त्या दिवसाचा खाडा आणि खाड्याला दंड, पाचशे रुपये, कधी त्याहूनही जास्त. काय दुखतंय हे मुकादम विचारत नाही. असे खाडे परवडत नाहीत आणि वर डॉक्टर कॅन्सरची भीती घालतात, म्हणून बीड जिल्ह्यातल्या बायका गर्भाशयच काढून टाकतात, हे २०१९ साली सगळ्या महाराष्ट्रापुढे आलं. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने नेमलेल्या समितीच्या वेळी ८२ हजारांहून अधिक ऊसतोड बायकांची पाहणी झाली, आणि त्यांतल्या १३ हजारांहून अधिक बायकांची गर्भाशयं काढलेली आढळली. बाईचं शरीर कामाच्या वेळापत्रकात बसत नसेल तर वेळापत्रक तसंच ठेवायचं आणि शरीर कापायचं, हा फडावरचा न्याय. शाळेचा न्याय ह्याहून फार वेगळा नाही. तिथे मुलीचं नावच पटावरून कापलं जातं.

आमचं म्हणणं असं आहे, की आजारी मुलीचा खाडा हा तिचा नाहीच. तो शाळेचा आहे, आरोग्यखात्याचा आहे, शासनाचा आहे. म्हणूनच हजेरीत सूट देऊन हा प्रश्न मिटत नाही. माफी गुन्ह्याला असते. ह्या मुलीने गुन्हा केलेला नाही. तिचं जे शिकणं बुडालं ते तिला परत मिळवून देणं हे शाळेवरचं कर्ज आहे. आम्हाला माफी नको, भरपाई हवी.

आजारी मुली म्हणजे किती मुली?

हा प्रश्न काढला की पहिलं उत्तर येतं, 'अशा मुली असून असून किती असणार? वर्गात एखादी.' २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकी ५९.१ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. ह्याच वयाच्या मुलांमध्ये हे प्रमाण ३१.१ टक्के होतं. म्हणजे दहावीच्या वर्गातल्या दर दहा मुलींत सहा. त्याच्या आधीच्या, २०१५-१६ च्या पाहणीत मुलींचा आकडा ५४.१ होता. तो कमी व्हायच्या ऐवजी वाढला. वर्गात एखादी आजारी नाही. वर्गात धडधाकट असलेल्याच थोड्या आहेत.

रक्तक्षय काही अंगावर पाटी लावून येत नाही. मुलगी दुसऱ्या-तिसऱ्या तासाला पेंगते, जिना चढताना धापा टाकते, गणिताची तिसरी पायरी विसरते. शिक्षक म्हणतात, 'लक्ष नाही.' आई म्हणते, 'आळशी आहे.' मुलगी स्वतःला म्हणते, 'आपल्याला डोकंच नाही.' लोहाच्या कमतरतेचं रूपांतर असं बुद्धीच्या कमतरतेत होतं, आणि मग 'हिला शिकवून काय उपयोग?' ह्या घरातल्या जुन्याच प्रश्नाला शाळेचा शिक्का मिळतो. भावाच्या ताटातल्या अंड्याचा आणि तिच्या ताटातल्या उरलेल्या भाकरीचा हिशेब प्रगतिपुस्तकात कुठेच नसतो.

पाळीच्या दुखण्याचंही तसंच. गर्भाशयाचे स्नायू जोरात आकसतात म्हणून दुखतं. बहुतेक मुलींना वेळेवर घेतलेल्या साध्या वेदनाशामक गोळीने त्या दिवशी वर्गात बसता येतं. काही मुलींचं दुखणं मात्र ह्यापलीकडचं असतं. गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर बाहेर इतर अवयवांवर वाढलं, एंडोमेट्रिओसिस झालं, तर उपचार लागतात, आणि निदान व्हायला वर्षंच्या वर्षं जातात. का जातात? कारण मुलगी जिथे जाईल तिथे तिला एकच औषध सांगितलं जातं, 'लग्न झालं की थांबेल. मूल झालं की बरं वाटेल.' सातवीतल्या पोरीच्या पोटदुखीवर नवरा हा उतारा सांगणारा समाज आपला.

आणि सिकलसेल. नंदुरबार, गडचिरोली, चंद्रपूर, मेळघाट इथल्या आदिवासी पाड्यांवर आणि विदर्भातल्या दलित वस्त्यांमध्ये हा आजार घराघरांत माहीत आहे. तांबड्या पेशींचा आकार विळ्यासारखा होतो, त्या रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि हाडांत, छातीत, पोटात असह्य कळा सुरू होतात. कळा आल्या की आठवडा आठवडा जातो. आई आणि बाप दोघंही वाहक असले, तर प्रत्येक मुलाला हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते. विज्ञानाच्या पुस्तकात बीजांड आणि शुक्राणू निम्मे निम्मे असतात, घरात मात्र दोष सगळा आईच्या 'कुळाचा'. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशात शहडोलला पंतप्रधानांच्या हस्ते सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं. २०४७ पर्यंत आजार संपवायचा, सात कोटी लोकांची तपासणी करायची, असं ठरलं. तपासणी हवीच. पण तपासून कार्ड हातात दिलेली मुलगी दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत जाते. तिथे तिचं काय होतं, ह्याकडे अभियानाइतकंच लक्ष कोण देणार?

शाळाच आजार वाढवते

आजार घरून येतो आणि शाळा बिचारी काय करणार, असा एक समज आहे. तो खोटा आहे. सिकलसेल असलेल्या मुलीला डॉक्टर पहिलं पथ्य सांगतात ते पाण्याचं. भरपूर पाणी पी. शरीरातलं पाणी कमी झालं की कळा सुरू होतात. ह्या आजारात मूत्रपिंडाला पाणी धरून ठेवता येत नाही, म्हणून लघवीलाही वारंवार जावं लागतं. आता ही मुलगी ज्या शाळेत जाते तिथली मुतारी कशी आहे ते पाहा. कुलूपबंद, नाहीतर दार नाही, दार असलं तर कडी नाही, कडी असली तर पाणी नाही. मुली काय करतात? सकाळपासून पाणीच पीत नाहीत. धडधाकट मुलीला त्याने लघवीची जळजळ आणि जंतुसंसर्ग होतो. सिकलसेलच्या मुलीला दवाखान्यात भरती व्हावं लागतं. मग हजेरीपटावर आठ दिवसांचा खाडा कोणाच्या नावे लागतो? मुलीच्या. तुटक्या कडीच्या नावे नाही.

थंडी आणि दमणूक ह्यांनीही कळा येतात. तरी डिसेंबरात उघड्या मैदानावर परिपाठाला सगळ्यांनी अर्धा तास उभं राहायचं. बसलेली मुलगी 'नखरे करणारी'. शारीरिक शिक्षणाच्या तासाला पळायचं. न पळणाऱ्या मुलीला शिक्षा म्हणून आणखी एक फेरी.

लोहाच्या गोळीची कथा ह्याहून बोलकी आहे. सहावी ते बारावीच्या मुलामुलींना आठवड्यातून एकदा निळी गोळी द्यायची, अशी सरकारी योजना आहे. योजना चांगली आहे. पण ही गोळी उपाशीपोटी घेतली तर मळमळतं, पोटात ढवळतं. म्हणून ती जेवणानंतर द्यायची असते. शालेय पोषण आहार मात्र आठवीपर्यंतच. नववीत गेलेली मुलगी सकाळी चहा पिऊन निघते, बाराला तिच्या हातावर गोळी पडते. एक मुलगी ओकते, तिला पाहून दुसरी घाबरते, तिसरी गोळी दप्तरात टाकते. शौचाला काळं होतं हे आधी कोणी सांगितलेलं नसतं, त्याची भीती वेगळीच. मग अहवालात लिहायचं, 'मुली गोळ्या घेण्यास टाळाटाळ करतात.' ज्या वयात पाळी अंगात मुरते, उंची वाढते, लोह सर्वांत जास्त लागतं, नेमक्या त्याच वयात ताट काढून घ्यायचं आणि गोळी द्यायची, हे ज्यांनी ठरवलं त्यांनी एक दिवस तरी उपाशीपोटी ती गोळी खाऊन बीजगणिताच्या तासाला बसावं.

फेब्रुवारी २०१३ मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला तो आपल्याच पालघरमधून. पथकं वर्षातून एकदा शाळेत येतात, वजन-उंची घेतात, डोळे-दात पाहतात, कार्ड भरतात, गरज पडली तर चिठ्ठी देतात. चिठ्ठीवर लिहिलेल्या रुग्णालयापर्यंत मुलीला कोण नेणार? आईची मजुरी बुडणार, एसटीचं भाडं लागणार, बरोबर कोणी पुरुष माणूस हवा असा घरचा हट्ट. चिठ्ठी फळीवरच्या डब्यात राहते. पुढच्या वर्षी पथक पुन्हा येतं आणि तीच चिठ्ठी पुन्हा लिहितं.

कायदा चौदाव्या वर्षी हात सोडतो

२००९ चा शिक्षण हक्क कायदा 'सक्तीचं शिक्षण' ह्या शब्दांचा अर्थ काय सांगतो ते पाहण्यासारखं आहे. सक्ती मुलावर नाही, आईबापांवर नाही, शासनावर आहे. ६ ते १४ वयाच्या प्रत्येक बालकाचा प्रवेश, हजेरी आणि शिक्षण पूर्ण होणं ह्याची खात्री शासनाने करायची आहे. कायद्याच्या भाषेतच हजेरी हे शासनाचं कर्तव्य आहे. म्हणजे खाडा कोणाचा ह्याचं उत्तर संसदेने देऊन ठेवलं आहे. आपण ते हजेरीपटावर लिहायला लावलेलं नाही, एवढंच.

पण हा कायदा चौदा वर्षांना संपतो. मुलगी नववीत जाते आणि कर्तव्य उलटं फिरतं. दहावी-बारावीच्या बोर्डाच्या परीक्षेला नियमित म्हणून बसायचं तर ७५ टक्के हजेरी हवी. आजारपणासाठी सूट मिळू शकते, पण त्यासाठी मुख्याध्यापकांची शिफारस लागते, डॉक्टरचा दाखला लागतो, विनवणी लागते. जिथे निकालाच्या टक्क्यावर शाळेची इज्जत टांगलेली आहे, तिथे कच्च्या मुलीसाठी शिफारस कोण करणार? तिला गोड शब्दांत सांगतात, 'तू १७ नंबरचा फॉर्म भर.' १७ नंबर म्हणजे खाजगीरीत्या परीक्षा. शाळेचा निकाल स्वच्छ राहतो आणि मुलगी घरी. गळतीच्या आकड्यात ती धड येतही नाही, कारण कागदावर ती 'शिकते' आहे. घरी तिला कोण शिकवतं? चूल, पाणी, धाकटं भावंड. आजारी मुलगा घरी राहिला तर अंथरुणावर असतो. आजारी मुलगी घरी राहिली तर भांड्यांवर असते. 'हिला आराम हवा, शिक्षणाचा ताण नको' असं जे म्हणतात, त्यांनी तिला दुपारी दोन वाजता घरी जाऊन पाहावं.

मार्चमध्ये ऐन पेपरच्या दिवशी कळा आल्या, फिट आली, तर तिच्या नावापुढे 'गैरहजर'. तिला पुढची संधी पुरवणी परीक्षेची, नापासांच्या रांगेत. आणि शंभरहून अधिक वर्षांपूर्वी, १९१२ साली, कोचीन संस्थानातल्या त्रिपुणितुरा इथल्या सरकारी मुलींच्या शाळेने वार्षिक परीक्षेच्या वेळी पाळी आलेल्या मुलींना सुट्टी देऊन परीक्षा नंतर घेण्याची मुभा दिली होती. संस्थानी राजवटीतल्या एका शाळेला जे सुचलं आणि जमलं, ते आपल्या बोर्डाला अशक्य कसं?

दुसरा कायदा २०१६ चा, दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा. त्याच्या २१ प्रकारांत सिकलसेल आहे, थॅलेसेमिया आहे, हिमोफिलिया आहे. परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, अभ्यासक्रमात बदल, हे सगळं त्यात शिक्षणसंस्थांचं काम म्हणून सांगितलं आहे. पण गावातली मुलगी ते मागायला गेली, की विचारतात, '४० टक्क्यांचा दाखला आहे का?' सिकलसेलची कळ टक्क्यांत मोजायची कशी? तपासणीच्या दिवशी कळ नसेल तर मुलगी धडधाकट, आणि पेपरच्या दिवशी असेल तर गैरहजर. विकास कुमार यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली सांगितलं, की लेखनिकाची सोय ४० टक्के अपंगत्वाच्या अटीला बांधून ठेवता येणार नाही. हा निकाल तालुक्याच्या शाळेपर्यंत पोचवायचा कोणी? तो पोचेल तेव्हा आपणच पोचवलेला असेल.

बाजार लग्नाचा

आजाराची नोंद झाली तर हक्क मिळतात. पण मुलीच्या आजाराची नोंद कोणत्या आईला हवी असते? गावात कळलं तर लग्न कसं जमणार? ह्या एका प्रश्नापायी मुलीची फिट घरातल्या घरात दाबली जाते. गोळ्या साखरेच्या डब्यामागे. मधुमेह झालेल्या मुलीने इन्सुलिन घ्यायचं तर संडासात जाऊन, चोरून. बालहक्क संरक्षणाच्या राष्ट्रीय आयोगाने २०२३ साली सर्व राज्यांना लिहिलं, की टाइप-१ मधुमेहाच्या मुलांना वर्गात आणि परीक्षेत साखर तपासू द्या, इन्सुलिन घेऊ द्या, मधेच खाऊ द्या. पण मुलीने आपला आजार सांगितलाच नाही तर ह्या पत्राचा तिला उपयोग शून्य. वर्गात तिची साखर उतरते, ती घामाघूम होऊन कोसळते, आणि मैत्रिणी म्हणतात, 'उपास होता वाटतं.'

फिट आली तर चप्पल हुंगवणं, कांदा नाकाला लावणं, दातखिळीत चमचा घालणं, आणि वर 'अंगात आलंय' म्हणून मांत्रिकाकडे नेणं, हे जादूटोणाविरोधी कायदा २०१३ साली होऊनही थांबलेलं नाही. करायचं असतं ते इतकंच: मुलीला कुशीवर वळवा, तोंडात काहीही घालू नका, आजूबाजूचं टणक सामान दूर करा, घड्याळ पाहा, आणि पाच मिनिटांत थांबली नाही तर दवाखान्यात न्या. हे प्रत्येक शिक्षिकेला आणि प्रत्येक विद्यार्थिनीला यायला हवं. ही भीती लोकांनी नुसती मनातून काढलेली नव्हती. कायद्यातही ती होती. हिंदू विवाह कायद्यातल्या लग्नाच्या अटींत अपस्माराचा अडथळा होता, तो १९९९ साली दुरुस्ती करून काढला. कायद्याने काढला, सोयरिकीच्या बैठकीने नाही काढला.

म्हणून गुप्तता हा आमच्या मागणीचा निम्मा भाग आहे. मुलीचा आजार हा परिपाठाला जाहीर करायचा विषय नाही, आणि तपासायचाही नाही. जुलै २०२५ मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या शहापूरला एका शाळेच्या स्वच्छतागृहात रक्ताचे डाग दिसले म्हणून कोणाला पाळी आली आहे ते पाहण्यासाठी मुलींचे कपडे उतरवले गेले. मुख्याध्यापिकेला अटक झाली. त्याच वर्षी पुणे जिल्ह्यातल्या आदिवासी मुलींच्या वसतिगृहांतून बातम्या आल्या, की सुट्टीहून परतलेल्या मुलींना तंदुरुस्तीच्या दाखल्यासाठी गर्भचाचणी करायला लावतात. मुलीच्या शरीराकडे शाळेचं लक्ष नाही असं नाही. लक्ष आहे. ते पहाऱ्याचं आहे. आम्हाला ते काळजीचं हवं आहे.

आपल्यातलाच एक आक्षेप

मैत्रिणींनो, हा विषय काढला की विरोध फक्त बाहेरून होत नाही. आपल्या बैठकांतूनही एक सूर निघतो. 'मुलींचं आजारपण पुढे करू नका. त्या दुबळ्या आहेत असं म्हणायला पुरुषांना निमित्त मिळेल. आईबाप तेवढंच धरून शाळा सोडवतील.' ही भीती पोकळ नाही, तिला इतिहास आहे. १८७३ साली अमेरिकेत बोस्टनच्या एडवर्ड क्लार्क नावाच्या डॉक्टराने पुस्तक लिहून सांगितलं, की मुलींनी मुलांसारखा अभ्यास केला तर त्यांची जननेंद्रियं खंगतात. त्या पुस्तकाच्या जोरावर मुलींना महाविद्यालयांबाहेर ठेवू पाहणारे पुष्कळ निघाले. बाईच्या शरीराचा दाखला देऊन बाईला बाहेर काढणं ही जुनी खोड आहे.

पण ह्या भीतीचा शेवट कुठे होतो ते पाहा. डिसेंबर २०२३ मध्ये तेव्हाच्या महिला व बालविकास मंत्री स्मृती इराणी राज्यसभेत म्हणाल्या, की पाळी हे काही अपंगत्व नाही, तिच्यासाठी पगारी रजेचं वेगळं धोरण नको. क्लार्क म्हणतो, शरीर आहे म्हणून बाहेर राहा. मंत्री म्हणतात, शरीर नाहीच असं समजून आत या. दोघांच्याही हिशेबात वर्ग, वेळापत्रक, मुतारी, परीक्षा जशीच्या तशी राहते. बदलायचं ते फक्त मुलीने.

आम्ही तिसरं म्हणतो. शरीर आहे, दुखतं, कधी आजारी पडतं, आणि तरीही शिक्षणाचा हक्क तसूभर कमी होत नाही. म्हणूनच आम्ही नुसती सुट्टी मागत नाही. सुट्टी देऊन गप्प बसणारी शाळा मुलीला घरीच पाठवते. पाच दिवसांची सुट्टी आणि त्या पाच दिवसांचं शिकवणं परत, ही आमची मागणी आहे. आईबापांना शाळा सोडवायला निमित्त मिळतं ते आजाराने नाही, मागे पडण्याने. मुलगी मागे पडू दिली नाही, तर निमित्तही उरत नाही.

शिक्षिकेवर आणखी एक ओझं?

शिक्षक म्हणतील, आणि त्यांचं खरं आहे, की दोन शिक्षकांची शाळा, चार वर्ग, वर निवडणूक, सर्वेक्षणं, ऑनलाइन माहिती. आता आजारी मुलीही आम्हीच पाहायच्या? ह्यावर आमचं उत्तर असं, की शिक्षिकेला नर्स करा असं आम्ही म्हणत नाही. आम्ही नर्सच मागतो. शिक्षिकाही बाईच आहे. तीही तीच तुटकी मुतारी वापरते, तीही दिवसभर पाणी पीत नाही, तिलाही पाळीत परिपाठाला उभं राहावं लागतं. ह्या लढ्यात ती आपल्या समोरच्या बाजूला नाही. तिला आपल्या बाजूला आणणं हे आपलं काम आहे.

आमच्या मागण्या

१. आजारपणाची गैरहजेरी हजेरीपटावर वेगळी नोंदवावी, आणि तितके दिवस शिकवण्याची भरपाई करणं शाळेवर बंधनकारक करावं. जादा तास, घरी पाठवलेला अभ्यास, मैत्रिणीची वही, जे जमेल ते, पण कोणी आणि कधी केलं ह्याची नोंद हवी.

२. पोषण आहार बारावीपर्यंत द्यावा. लोहाची गोळी जेवणानंतरच, आणि ती का व कशी घ्यायची हे सांगूनच द्यावी.

३. आश्रमशाळा आणि वसतिगृहांत पूर्णवेळ नर्स, इतर शाळांना केंद्रागणिक एक. वेदनाशामक गोळ्या, पॅड, गरम पाण्याची पिशवी आणि पडायला एक खाट प्रत्येक शाळेत.

४. मुतारीला कडी, पाणी आणि उजेड. पाणी पिण्याची आणि लघवीला जाण्याची परवानगी तासाच्या मध्येही.

५. बोर्डाच्या परीक्षेत आजारपणामुळे चुकलेला पेपर नापासांच्या परीक्षेत न ढकलता स्वतंत्रपणे घ्यावा. आजारी मुलीला तिच्या इच्छेविरुद्ध १७ नंबरकडे वळवणाऱ्या शाळेला जाब विचारावा.

६. रुग्णालयाची चिठ्ठी दिली, की मुलीचं आणि सोबतच्या बाईचं प्रवासभाडं आणि आईची बुडालेली मजुरी शासनाने द्यावी.

७. आजाराची माहिती मुलगी आणि तिने निवडलेली एक शिक्षिका ह्यांच्यापुरतीच राहावी. वर्गासमोर विचारणा, कपडे तपासणं, चाचणीची सक्ती ह्यांवर थेट कारवाई व्हावी.

ह्यांतल्या पुष्कळ गोष्टींसाठी मुंबईची वाट पाहायला नको. आठवीपर्यंतच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीत निम्म्या बायका असल्याच पाहिजेत, असं कायदा सांगतो. त्या बायका बहुतेक ठिकाणी सह्यांपुरत्या आहेत. येत्या जूनमध्ये शाळा उघडेल तेव्हा प्रत्येक गटाने आपल्या गावच्या समितीतल्या दोघी-तिघींना बरोबर घ्यावं आणि मुख्याध्यापकांना तीन प्रश्न विचारावेत. गेल्या वर्षी सलग आठ दिवसांहून जास्त गैरहजर राहिलेल्या मुली किती? त्यांतल्या कितींच्या घरी कोणी गेलं? आणि त्यांचं बुडालेलं कोणी शिकवलं? उत्तरं वहीत लिहून घ्या, तारीख घाला, मुख्याध्यापकांची सही घ्या. तिसऱ्या प्रश्नापुढची ओळ रिकामी राहिली, तर तिथे 'शाळेचा खाडा' असं लिहा, आणि ती वही गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवून या.